बिर्येर यार्ल: ही पदवी नावाच्या मागे का लागते?

नदीकाठ:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी स्टॉकहोमवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. शहराचा संस्थापक म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'बिर्येर यार्ल'. १२५२ सालच्या पत्रांत स्टॉकहोमचा उल्लेख पहिल्यांदा येतो, ती पत्रं त्याच्याच कारकिर्दीतली. यार्ल हे आडनाव नव्हे, पदवी आहे. आता गंमत बघा. स्वीडिशमध्ये राजा म्हणजे 'कुंग कार्ल गुस्ताव', आधी पदवी मग नाव. उमरावांचंही तसंच, 'ग्रेवे (काउंट) अमुक', 'हेर (श्रीमान) तमुक'. मग यार्लच तेवढा नावाच्या मागे का? इथल्या मैत्रिणींना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही लहानपणापासून असंच म्हणतो.

दुसरं, हा शब्द आला कुठून? आणि मराठीत लिहिताना 'यार्ल' तसाच ठेवू की 'सरदार', 'उमराव' असं काही वापरू? इथे भाषेचा नाद असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला. फाटे फुटले तरी चालतील.

कढीलिंब:
मी आधी 'बर्गर यार्ल' वाचलं आणि कुठल्या फूड कोर्टात मिळतो ते शोधायला निघालो होतो :)
बाकी हा इंग्रजांचा 'अर्ल'च ना?

तळटीप:
@कढीलिंब, हो, भाऊबंदच. जुन्या इंग्रजीत 'एओर्ल' होता, पण त्याचा अर्थ नुसता शूर किंवा खानदानी पुरुष असा. प्रांताच्या कारभाऱ्याला ते लोक 'एआल्दोर्मन' म्हणत. १०१६मध्ये डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडच्या गादीवर बसला, त्याच्या माणसांच्या तोंडी 'यार्ल' होता. त्या वजनाखाली 'एओर्ल'चा अर्थ बदलून तो प्रांताधिकारी झाला आणि 'एआल्दोर्मन' मागे पडला. म्हणजे शब्द इंग्रजांचा घरचाच, त्यावरची झूल उत्तरेची.

@नदीकाठ, शब्दाचं मूळ शोधायचं तर रूनलिपीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपर्यंत जावं लागतं. स्वीडनच्या वेर्मलांड भागात येर्सबेरीचा शिलालेख आहे, सहाव्या शतकाच्या आसपासचा. त्यावर कोरलंय: 'एक एरिलाझ रूनोझ वारितु', म्हणजे 'मी एरिलाझ रून लिहितो'. स्कोने भागात लिंडहोल्मला पीट खणताना हाडाचा एक कोरीव तुकडा सापडला. त्यावर 'एक एरिलाझ साविलागाझ हातेका', मी एरिलाझ, मला साविलागाझ म्हणतात. पुढच्या ओळीत 'आ' हे एकच अक्षर लागोपाठ आठ वेळा, मग आणखी काही अक्षरं तशीच तिनतिनदा. मंत्र असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. डेन्मार्कमध्ये क्राइहुलला भाल्याच्या दांड्यावर आणि नॉर्वेत ब्राट्सबेर्गला कपड्याच्या बक्कलवरही हाच 'एक एरिलाझ' आहे. हा एरिलाझ म्हणजेच पुढचा यार्ल, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळेल.

खारुताई:
'एक एरिलाझ' सगळीकडे! दुसरा एरिलाझ कुठे गेला मग? :))

तळटीप:
@खारुताई, हा 'एक' म्हणजे 'मी'. आपल्या संस्कृत 'अहम्'चा लांबचा चुलतभाऊ, लॅटिनमध्ये तो 'एगो'. आणि शेवटचा 'आझ' बघा. तो पुल्लिंगी प्रथमा एकवचनाचा प्रत्यय, संस्कृतमधल्या 'देवः'चा विसर्ग ज्या मुळातून आला त्याच मुळातला. फिनिश भाषेने तर जुन्या काळी हे शब्द उसने घेतले आणि शेपटीसकट जपले. राजाला फिनिशमध्ये आजही 'कुनिंगास' म्हणतात. नॉर्डिक भाषांत तोच शब्द झिजून 'कोनुंग्र', मग 'कोनुंग', मग 'कुंग' झाला. ज्यांनी दिला त्यांच्याकडे तो उरला नाही, ज्यांनी घेतला त्यांनी सांभाळला. मला या शब्दाचं कायम अप्रूप वाटत आलंय.

बखरवाचक:
तळटीप यांचा प्रतिसाद छानच, पण 'एरिलाझ म्हणजेच यार्ल' हे इतकं सरळ नाही, म्हणून लिहितो.

एक तर अर्थ. हे सगळे एरिलाझ स्वतःबद्दल बोलतात ते लिहिण्याच्या संदर्भात. 'मी एरिलाझ लिहितो', 'मला अमुक म्हणतात'. कुणी फौज, जमीन, महसूल यांबद्दल बोलत नाही. म्हणून बरेच अभ्यासक त्याचा अर्थ 'रूनांचा जाणकार' असा घेतात. काही जण त्याचा संबंध रोमन लेखकांच्या 'हेरुली' जमातीशी लावतात, तोही वादाचा विषय.

दुसरं ध्वनींचं गणित. 'ए'चा 'या' होतो तो पुढच्या अक्षरात 'आ' असेल तर. 'बेर्गाझ'चं 'ब्यार्ग' (कडा) झालं ते तसंच. पण पुढे 'इ' आला तर 'ए'चा 'या' होत नाही, उलट 'इ'कडे झुकतो. आणि नॉर्वेत वेब्लुंगस्नेसच्या लेखात खरोखर 'इरिलाझ' असं रूप आहेच! म्हणजे एरिलाझपासून नियमाने यार्ल निघत नाही. 'यार्ल', इंग्रजांचा 'एओर्ल' आणि जुन्या सॅक्सनमधला 'एर्ल' (पुरुष) या तिघांना मधला 'इ' नसलेलं 'एर्लाझ' असं मूळ धरावं लागतं. एर्लाझ आणि एरिलाझ ही एकाच धातूची, वेगवेगळ्या प्रत्ययांची जोड-रूपं असू शकतात. सख्खी म्हणा हवं तर, पण एकच नव्हेत.

माळरान:
'ए'चं 'ये' तर आमच्याकडेही होतं की! येक, येवढा, येळ. आमच्या आजीला 'एक' म्हणताच यायचं नाही. म्हणजे आमच्या मराठवाड्यात यार्ल तयार व्हायला काहीच हरकत नव्हती.

बखरवाचक:
@माळरान, आजीचा 'येक' गोडच. फक्त तो पुढे काय आहे ते बघत नाही. 'एक' असो की 'एवढा', आरंभी 'य' लागतो. तिकडचा बदल पुढच्या स्वरावर अवलंबून. पुढे 'आ' असेल तर 'या', पुढे 'उ' असेल तर 'यो'. पृथ्वीला आइसलँडिकमध्ये 'योर्द' म्हणतात ते 'उ'मुळे.

दशमस्कंध:
मी शाळेत संस्कृत शिकवते, म्हणून या शब्दाची रूपं बघितल्यावर राहवलं नाही.

जुन्या नॉर्समध्ये (आजच्या नॉर्डिक भाषांची मध्ययुगीन पूर्वज) हा अकारान्त पुल्लिंगी नाम चालावं तसाच चालतो. एकवचनात प्रथमा यार्ल, द्वितीया यार्ल, चतुर्थी यार्ली, षष्ठी यार्ल्स. अनेकवचनात यार्लार, यार्ला, योर्लुम, यार्ला. खरं तर प्रथमेला 'र' प्रत्यय हवा, कोनुंग्रमध्ये आहे तसा. पण 'र्ल'नंतर आणखी एक 'र' जिभेला पेलवत नाही, म्हणून गळला. त्यामुळे प्रथमा-द्वितीया सारखीच दिसतात. 'योर्लुम'मधला 'यो' बघा. प्रत्ययात 'उ' आहे, त्याने मागच्या 'आ'ला आपल्याकडे ओढलं. आइसलँडिक आजही अगदी हेच चालवते.

पण मला खरी मजा वाटली ती नाव आणि पदवी एकत्र चालवण्याची. नॉर्वेतल्या लाडे गावचा हाकोन यार्ल घ्या. षष्ठीत तो 'हाकोनार यार्ल्स' होतो, चतुर्थीत 'हाकोनी यार्ली'. दोन्ही शब्दांना विभक्ती! हे थेट 'दशरथस्य राज्ञः' आहे. विशेष्य-विशेषण असो की नाव आणि पदवी, दोघांनी एकाच विभक्तीत उभं राहायचं.

आता आजचं स्वीडिश बघा. 'बिर्येर यार्लचा चौक' म्हणजे 'बिर्येर यार्ल्स तोर्य'. 'स' फक्त शेवटी, बिर्येरला काहीच नाही. आणि मराठी? 'शिवाजी महाराजांचा', 'बाजीराव पेशव्यांनी'. आपणही प्रत्यय शेवटच्या शब्दाला लावतो, आधीचं नाव कोरडंच. जुनी नॉर्स संस्कृतसारखी वागली, आजची स्वीडिश मराठीसारखी. दोन्हीकडे विभक्त्या झिजल्या आणि उरलेल्या प्रत्ययाने अख्ख्या पदसमूहाचा भार उचलला. नववीच्या वर्गात हे सांगितलं तर एकदोन डोळे नक्की चमकतील.

हिमगंगा:
दशमस्कंध, __/\__
यावरून आठवलं. स्वीडनमध्ये बडीशेपेच्या वासाच्या लाल गोळ्या मिळतात, त्यांचं नाव 'कुंगेन आव डानमार्क्स ब्रोस्टकारामेलेर', डेन्मार्कच्या राजाच्या खोकल्याच्या गोळ्या. 'स' राजाला नाही, डेन्मार्कला चिकटलाय. शब्दशः घेतलं तर गोळ्या डेन्मार्कच्या आणि राजा त्या गोळ्यांचा! इथल्या भाषेच्या वर्गात बाई हेच उदाहरण देतात.

दशमस्कंध:
@हिमगंगा, अप्रतिम! हे तर 'पुण्याचे पेशवे यांच्या'पेक्षा वरचढ झालं.

ओस्लोकर:
बराच वेळ वाचत होतो. सगळे स्वीडनबद्दल बोलतायत, नॉर्वेशिवाय ही कथा पुरी होत नाही.

स्नोरी या इतिहासकाराने लिहिलेल्या राजांच्या इतिहासात राजा हाराल्ड हारफाग्रेची व्यवस्था दिली आहे. प्रत्येक फिल्केवर (जिल्हा म्हणा) एक यार्ल. त्याने कर आणि दंड गोळा करायचा, त्यातला तिसरा हिस्सा स्वतःच्या खर्चाला ठेवायचा. हाताखाली चार किंवा जास्त 'हेर्सीर'. राजाच्या फौजेसाठी यार्लने साठ माणसं द्यायची, हेर्सीरने वीस. आजचे इतिहासकार म्हणतात की स्नोरीने आपल्या तेराव्या शतकाची घडी नवव्या शतकावर बसवली. असेल. पण यार्ल म्हणजे काय असावं, हे तेव्हाच्या माणसाला कसं दिसत होतं ते त्यातून कळतं.

प्रत्यक्षात लाडेचे यार्ल (लाडे आता ट्रोंडहाइम शहरात आहे) कुणी नेमलेले चाकर वाटत नाहीत. हाकोन सिगुर्डसनने साधारण ९७५ ते ९९५ नॉर्वेवर राज्य केलं, पण राजा म्हणवून घेतलं नाही, यार्लच राहिला. ऑर्कनी बेटांचे यार्ल तर वंशपरंपरेचे. ती बेटं १४६८मध्ये राजा ख्रिस्तियान पहिला याने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. ती सुटली नाहीत ती नाहीतच.

आणि स्नोरीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तो आइसलँडचा. १२३९मध्ये नॉर्वेहून परतताना हेर्तुग (ड्यूक) स्कूलेने त्याला गुपचूप यार्ल केलं, असं त्याच्या एका समकालीनाने लिहून ठेवलंय. मागाहून त्याचा उल्लेख 'फोल्ग्स्नार यार्ल' असा येतो. त्याचा अर्थ 'लपवलेला यार्ल' की फोल्ग्स्न नावाच्या बेटाचा यार्ल, यावर वाद आहे. १२४१च्या सप्टेंबरात रेक्होल्टला त्याच्या घराच्या तळघरात त्याला मारलं, ते गिसुर थोर्वाल्डसनच्या माणसांनी. गिसुर एकेकाळचा त्याचा जावई. आणि १२५८मध्ये राजाने उघडपणे यार्ल केलं ते याच गिसुरला. आइसलँडच्या इतिहासात उघड, राजमान्य यार्ल तो एकच.

नॉर्वेत शेवट झाला तो १३०८मध्ये. हाकोन पाचव्याने फर्मान काढलं की यापुढे राजपुत्र आणि ऑर्कनीचा यार्ल सोडून कुणाला ही पदवी मिळणार नाही.

खारुताई:
तळघरात सासऱ्याला मारलं आणि पदवी जावयाला!! हे आमच्या अभ्यासक्रमात का नव्हतं?

गारवा:
मी स्टॉकहोमला राहते. बिर्येर यार्ल्सगातान हा मध्यवर्ती भागातला मोठा रस्ता, ऑफिसला जाताना रोजचा. नकाशातल्या मराठी पाट्या त्याचं काय वाटेल ते करतात, कधी 'बर्गर', कधी 'जार्ल'. 'ज' नाही, 'य'. आणि बिर्गेर नाही, बिर्येर.

पण मुख्य सांगायचं ते वेगळंच. मध्य स्वीडनच्या बोलीत 'र' आणि 'ल' जवळ आले की वेगवेगळे राहत नाहीत. जीभ मागे वळते आणि एकच आवाज निघतो, आपला 'ळ'! यार्ल म्हणजे 'याऽळ'. कार्ल म्हणजे 'काऽळ'. भाषेच्या वर्गात आमच्या बाई हा आवाज शिकवत होत्या. बाकीचे विद्यार्थी जीभ कुठे न्यावी म्हणून धडपडत होते. मी आणि एक तमिळ मुलगी पहिल्या फटक्यात म्हणून मोकळ्या. बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, फळ, केळ, डोळा, कावळा.

स्कोनेकडे 'र' घशातून काढतात, तिथे हा ळ नाही. डॅनिश तर 'र' जवळजवळ गिळून टाकतात.

माळरान:
म्हणजे स्वीडनचा राजा 'काळ गुस्ताव'! प्रजेचं काही खरं नाही :)

तळटीप:
@गारवा, हे वाचून फार आनंद झाला. त्यात भर: आइसलँडिकमध्ये तोच 'र्ल' भलतीकडे गेला. तिथे मध्ये 'त' शिरतो, 'यार्त्ल', आणि शेवटचा ल नुसत्या श्वासाचा. लेखनात एकच शब्द, पण स्टॉकहोमला ळ, रेक्याविकला र्त्ल, कोपनहेगनला नुसता लांब आ आणि ल.

बखरवाचक:
नदीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. यार्लला 'सरदार' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. सरदार दहा-वीस असतात. स्वीडनमध्ये यार्ल बहुधा एका वेळी एकच, राजाच्या खालोखालचा. बिर्येर लॅटिन कागदांत स्वतःला 'दुक्स स्वेओरुम' म्हणवतो, स्वेअर लोकांचा दुक्स. तेच ऑर्कनीचा यार्ल लॅटिनमध्ये 'कोमेस'. म्हणजे समकालीन कारकुनांनाही या पदवीचं नेमकं काय करावं याचा एकच पक्का प्रतिशब्द नव्हता. एकाने ड्यूकच्या पायरीवर बसवलं, दुसऱ्याने काउंटच्या.

बिर्येर १२४८ला यार्ल झाला. १२५०मध्ये राजा वारला आणि बिर्येरच्या अल्पवयीन मुलाला, वाल्देमारला, राजा निवडलं. राजा मुलगा, कारभार बापाचा, १२६६पर्यंत, मरेपर्यंत. त्याच्यानंतर हे पद धाकट्या माग्नुसकडे गेलं, पण 'हेर्तिग' (ड्यूक) या नावाने. यार्ल संपला.

कढीलिंब:
मग 'पेशवा' म्हणा की! गादीवर एक, कारभार दुसऱ्याचा.

बखरवाचक:
@कढीलिंब, वाचकाला पटकन कळेल हे खरं. पण पेशव्याने छत्रपतीला जन्म दिलेला नव्हता. इथे सत्तेचं मूळच बाप-मुलाच्या नात्यात आहे. शिवाय 'पेशवा' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा उभा राहणार, मग वार्नहेमचा मठ कुठून दिसणार? बिर्येरची कबर तिथे आहे. २००२मध्ये ती उघडून हाडं तपासली. तो, त्याची दुसरी बायको मेख्टिल्ड आणि मुलगा एरिक असे तिघं एकत्र आहेत. स्टॉकहोमच्या नगरभवनाच्या मनोऱ्याखाली जी सोनेरी शवपेटी लोक बघायला जातात ती रिकामी आहे, फक्त स्मारक. नदीकाठ, लेखात हे जरूर लिहा, पर्यटक हटकून फसतात.

रानजाई:
इतके पुरुष झाले, यार्लच्या बायकोला काय म्हणत? ग्रेवेची ग्रेविना, हेर्तिगची हेर्तिगिना, मग यार्लची यार्लिना?

तळटीप:
@रानजाई, नाही, आणि याचं कारण छान आहे. हा 'इना' प्रत्यय खालच्या जर्मन भाषेतून आला, हान्सा व्यापाऱ्यांच्या काळात, ग्रेवे आणि हेर्तिग या शब्दांच्या मागोमाग. यार्ल तोवर उतरणीला लागला होता, त्याला तो प्रत्यय चिकटायला वेळच मिळाला नाही. जुन्या भाषेत स्त्रीची ओळख नात्याने, यार्ल्सदोत्तिर म्हणजे यार्लची लेक. इंग्रजीत तरी काय, अर्लची बायको 'काउंटेस', फ्रेंचांकडून उसनी.

राणीचा शब्द मात्र अस्सल घरचा. 'द्रॉटनिंग' हा 'द्रोत्तिन' म्हणजे स्वामी या शब्दापासून. आणि पुन्हा फिनिशने त्याचं जुनं रूप 'रुहतिनास' म्हणून जपलंय.

हिमगंगा:
डॅनिशमध्ये आणखी एक पायरी आहे. ग्रेवेची बायको 'ग्रेविने', पण अविवाहित मुलगी 'कोमतेसे'. राणी मार्ग्रेथने २०२२मध्ये जाहीर केलं की धाकट्या मुलाच्या, योआकिमच्या मुलांची प्रिन्स-प्रिन्सेस ही पदवी १ जानेवारी २०२३पासून जाईल. तेव्हा मुलगे 'ग्रेवे आफ मॉनपेझा' झाले आणि मुलगी 'कोमतेसे'. घरात बरीच नाराजी झाली, वर्तमानपत्रांतून रोज चर्चा.

गारवा:
पदवीचा व्याकरणातला आणखी एक उपयोग सांगते. पूर्वी स्वीडिशमध्ये मोठ्या माणसाला 'तू' म्हणायची सोय नव्हती आणि 'तुम्ही'ही कमीपणाचं वाटे. मग समोरच्याशी बोलतानाही तृतीय पुरुष वापरत आणि पदवीला शेपटीचं उपपद लावत: 'विल ग्रेवेन हा काफे?' म्हणजे 'ग्रेवे कॉफी घेणार का?' आणि ग्रेवे समोरच बसलेले! आमच्या इमारतीतल्या नव्वदीच्या आजी सांगतात की दुकानात समोरच्याची पदवी माहीत नसेल तर वाक्यच सुरू करता यायचं नाही. 'घ्यायची आहे का कॉफी?' असं कर्त्याला टांग मारून बोलायचं. १९६७मध्ये ब्रूर रेक्सेड नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने जाहीर केलं की मी सगळ्यांना 'दू' म्हणणार. तेव्हापासून हे सगळं भराभर ओसरलं.

दशमस्कंध:
@गारवा, हे तर आपलं 'महाराजांनी बसावं', 'रावसाहेब चहा घेणार ना?' सासरी नवऱ्याला हाक न मारता 'जेवायचं आहे ना?' म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कर्त्याला टांग, अगदी तीच युक्ती.

कढीलिंब:
अवांतर: ते भोकांवालं यार्ल्सबेर्ग चीज याच यार्लचं का?

ओस्लोकर:
@कढीलिंब, शब्द तोच, पण वाट वळणाची. वेस्टफोल्डमध्ये सतराव्या शतकात डॅनिश राजाने एक 'ग्रेवस्काप' म्हणजे ग्रेवेची जहागीर काढली. तिचं नाव पुढे यार्ल्सबेर्ग ठेवलं. यार्ल तेव्हा इतिहासजमा होऊन साडेतीनशे वर्षं झाली होती. जहागीर ग्रेवेची आणि नाव यार्लचं, बहुधा जुना शब्द भारदस्त वाटला म्हणून. चीजला नाव त्या भागावरून.

नदीकाठ:
किती लिहिलंत सगळ्यांनी! लेखाचे चार भाग होतील आता. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. पदवी मागे का?

दशमस्कंध:
माझं मत सांगते. जुन्या नॉर्समध्ये नावाला जोडायचं ते सगळं मागेच येई. ओलाफ्र कोनुंग्र, हाकोन यार्ल. ज्याला दोन विभक्त्या चालवायच्या आहेत त्याने आधी नाव घ्यावं, मग तो कोण ते सांगावं. समानाधिकरण पद म्हणून ते स्वाभाविक आहे. पुढे 'हेर' आला तो जर्मनकडून, आणि आला तो नावाच्या आधीच बसून. त्याच्या मागून हेर्तिग, ग्रेवे.

बखरवाचक:
+१. याला साल देता येतं. नॉर्वेत १२७७ला राजा माग्नुस लागाब्योतेने आपल्या मोठ्या सरदारांना 'बारोन' आणि दरबारातल्या वरच्या मानकऱ्यांना 'रिद्देर' हे किताब दिले, दोघांनाही 'हेर्रा' म्हणवून घ्यायचा मान. हा हेर्रा नावाच्या आधी लागतो. स्वीडनमध्ये तर ग्रेवे आणि फ्रीहेर्रे (बॅरन) रीतसर आले १५६१मध्ये, एरिक चौदाव्याच्या राज्याभिषेकाला. तोवर पुढे बसायची पद्धत पक्की होती. राजाचा शब्दही मग मागून पुढे सरकला, कारण राजे पुढेही होत राहिले, रोजच्या बोलण्यात राहिले. यार्ल मात्र बिर्येरबरोबरच थांबला. वापरात नसलेल्या पदवीला नवी पद्धत लागणार कशी?

ओस्लोकर:
बहुतांशी सहमत. फक्त 'सगळं मागेच' हे जरा ताणलेलं आहे. सागांमध्ये (जुन्या नॉर्स गद्यकथांमध्ये) 'कोनुंग्र' नावाच्या आधी आलेलाही दिसतो, कमी वेळा, पण दिसतो. म्हणजे पुढे बसायची जागा घरात आधीपासून होती, जर्मनने ती नेहमीची केली.

पुढे सरकल्याची खूण आजही शब्दावर दिसते. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये एरवी राजा 'कोंगे', पण नावाआधी 'कोंग': कोंग फ्रेडरिक, कोंग हाराल्ड. स्वीडिशमध्ये 'हेर्रे'चा नावाआधी 'हेर' होतो. पुढे बसणाऱ्यावरचा आघात जातो, शेपटी झडते, उपपदही लागत नाही. यार्ल मागे आहे म्हणून त्याचा आघात शाबूत. 'बिर्येर याऽळ' म्हणताना जोर दोघांवर येतो, गारवा सांगतील.

गारवा:
हो, अगदी. 'कुंग कार्ल'मधला कुंग पटकन उरकतात. यार्लला पूर्ण वेळ देतात.

दशमस्कंध:
@ओस्लोकर, तुमची दुरुस्ती योग्य वाटते, तरी विभक्तीचा मुद्दा मी सोडत नाही. नाव आधी असताना पदवीला पूर्ण प्रत्यय मिळतो, पुढे गेली की ती मुळी चालतच नाही. 'कुंग कार्ल्स'मध्ये कुंग अव्ययासारखा बसून आहे. आपल्याकडेही 'श्रीमंत बाजीराव पेशव्यांना' म्हणताना श्रीमंत हलत नाही, पेशवे हलतात.

नदीकाठ:
ठरलं मग. लेखात 'बिर्येर यार्ल' असाच क्रम ठेवतेय, मराठीला तो परकाही नाही. 'यार्ल' तसाच, पहिल्यांदा येईल तिथे 'राजाच्या खालोखालचा अधिकारी' एवढं सांगून. आदरार्थी बहुवचन घेतेय, 'बिर्येर यार्ल यांनी' नको वाटतं, 'बिर्येर यार्लांनी' बरं. आणि रिद्दारहोल्मेनच्या चौकातल्या १८५४च्या पुतळ्यापासून सुरुवात करून वार्नहेमच्या कबरीपर्यंत जाईन. ळ चा परिच्छेद गारवाच्या नावाने.

बखरवाचक:
'यार्लांनी' छान. सामान्यरूप होतंय म्हणजे शब्द मराठीत रुळला.

माळरान:
ळ चा परिच्छेद टाकणार असाल तर मग 'याळांनी' लिहा ना!

गारवा:
@माळरान, नको नको, मग 'टाळांनी', 'माळांनी'च्या पंगतीत जाईल. लिहिताना यार्लच राहू दे, म्हणताना ज्याला जमेल त्याने ळ म्हणावा. नदीकाठ, माझं नाव नको, पण अंक आला की इथे कळवा. आमच्या मंडळाच्या वाचनालयात ठेवायला दोन प्रती मागवते.